कथा उलगडायची कशी: निवेदकापासून आशयसूत्रापर्यंत, क्रमाने

कथेचे घटक बहुतेकांना पाठ असतात. कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, संवाद, निवेदन, भाषा, आशय ही यादी बारावीचा विद्यार्थीही घडाघडा म्हणून दाखवतो. गाडी अडते ती प्रत्यक्ष कथा समोर आली की. उत्तरपत्रिका असो नाहीतर वाचनकट्टा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'या कथेतून लेखकाने असा संदेश दिला आहे की...' इथेच घोटाळा होतो. आशय आधी ठरवून टाकला की बाकीचे घटक फक्त त्याच्या बाजूची साक्ष देण्यापुरते उरतात. त्याच्याशी न जुळणारं वाक्य डोळ्यांखालून जातं, पण वाचलं जात नाही.

म्हणून खालच्या क्रमात आशयसूत्र सगळ्यात शेवटी आहे, आणि सुरुवात कथानकानेही होत नाही, निवेदकाने होते. टप्पे मागेपुढे करू नका. प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याचं उत्तर लागतं.

## तयारी

सरावासाठी आठ-दहा छापील पानांची कथा घ्या. दिवाळी अंकातली साधारण लांबीची कथा यासाठी उत्तम. कादंबरीने सुरुवात करू नका, कारण तिच्यात निवेदक आणि काळ इतक्या वेळा बदलू शकतात की पद्धत हाताला बसण्याआधीच माणूस थकतो. जुने अंक दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी मिळतात. ग्रंथालयाच्या प्रतीवर खुणा करायच्या नसतात, तेव्हा कथेची झेरॉक्स काढा. ती काढताना समास कापला जाऊ देऊ नका, सगळं काम समासातच होणार आहे.

सोबत शिसपेन्सिल, खोडरबर आणि दोन कोरे कागद ठेवा. पहिलं वाचन लोकलमध्ये झालं तरी चालेल. दुसरं मात्र टेबलाशी बसून, हातात पेन्सिल घेऊन करायचं.

पद्धत दाखवण्यासाठी या लेखापुरती एक छोटी कथा खाली रचली आहे. ती आधी पूर्ण वाचा.

> चौदा नंबर
>
> चाळ रिकामी करायचा शेवटचा दिवस. सामानाचा टेम्पो खाली लागला होता आणि आई मोरी घासत बसली होती.
>
> "आई, पाडणारेत हे सगळं," मी म्हणालो.
>
> "माहितेय," ती म्हणाली आणि आणखी एक तांब्या ओतला.
>
> दादा सकाळपासून गॅलरीत फोनवर. त्याला घराचं काही नाही, तो पहिल्यापासून तसाच. तीन वर्षांपूर्वी संमतिपत्रावर आमच्या मजल्यावरची पहिली सही त्याचीच होती. त्या रात्री आई जेवली नव्हती.
>
> टेम्पोवाल्याने पुन्हा हॉर्न दिला. आईने फडकं पिळून गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलं, दार ओढलं, कुलूप लावलं. किल्ली तिने दादाच्या हातात दिली. मी हात पुढे केला होता.
>
> खाली बिल्डरचा माणूस वही घेऊन उभा होता. "चौदा नंबर?"
>
> दादाने खिशावर हात ठेवला.
>
> "किल्ली हरवली," तो म्हणाला.

## टप्पा १: एका बैठकीत वाचा, खुणा नकोत

पेन्सिल बाजूला ठेवून कथा शेवटपर्यंत वाचा. मग कागद न बघता तीन गोष्टी लिहा: काय घडलं (दोन ओळी), कुठे थबकलात (एक ओळ), काय कळलं नाही (एक ओळ). तिसरी ओळ टाळू नका. पुढचं निम्मं काम त्या न कळलेल्या जागेतूनच निघतं.

तपासा: 'काय घडलं'मध्ये कथेत नसलेलं काही शिरलं आहे का? वरच्या कथेबद्दल लिहिताना 'वडील वारल्यावर' असं सहज लिहिलं जातं. कथेत वडिलांचा उल्लेखच नाही. ते वारले, गावी आहेत की टेम्पोत बसलेत, कथा काहीच सांगत नाही. आपण भरलेली माहिती इथेच खोडून टाका, नाहीतर ती शेवटच्या टप्प्यापर्यंत सोबत येते.

## टप्पा २: सांगतंय कोण ते ठरवा

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण बाकी सगळे घटक आपल्याला निवेदकाच्याच तोंडून कळतात.

आधी प्रकार ओळखा. 'मी' असेल तर निवेदन प्रथमपुरुषी. तो 'मी' घटनेत सामील आहे की बाजूला उभा राहून बघतोय, तेही लिहा. 'मी' नसेल तर समासात एक यादी करा: कथेत कोणाकोणाच्या मनातलं सांगितलं आहे? एकच नाव आलं तर तृतीयपुरुषी मर्यादित निवेदन. दोन किंवा अधिक नावं आली तर निवेदक सर्वज्ञ आहे किंवा दृष्टिकोन मध्ये बदलतो. बदलत असेल तर नेमक्या त्या ओळीपाशी आडवी रेघ मारा. एकही नाव आलं नाही, फक्त दिसणारं आणि ऐकू येणारं सांगितलं असेल, तर निवेदन बाहेरून केलेलं आहे.

मग निवेदकाच्या वाक्यांचे दोन गट करा. त्याने *पाहिलेल्या* गोष्टीखाली सरळ रेघ, त्याने *ठरवलेल्या* गोष्टीखाली नागमोडी रेघ. 'चौदा नंबर'मध्ये नागमोडी रेघ एकाच वाक्याखाली येते: 'त्याला घराचं काही नाही, तो पहिल्यापासून तसाच.' बाकी सगळं घडलेलं किंवा दिसलेलं आहे. दादाबद्दल वाचकाचं जे मत बनतं ते या एका वाक्यावर उभं आहे, आणि ते वाक्य धाकट्या भावाचं आहे.

आता त्याच्या पुढची दोन वाक्यं पाहा. दादाने सही केली, हे घडलेलं. त्या रात्री आई जेवली नाही, हेही घडलेलं. 'सहीमुळे' जेवली नाही असं मात्र निवेदक कुठेही म्हणत नाही. त्याने दोन वाक्यं शेजारी ठेवली आणि कारण आपण जोडलं. वाक्यांच्या अशा मांडणीतून निवेदक वाचकाला आपल्या बाजूला ओढतो. हे एकदा दिसू लागलं की कथा वाचण्याची रीतच बदलते.

सावधान: 'मी' म्हणजे लेखक नव्हे. 'लेखकाला भावाचा राग आहे' हे वाक्य उत्तरात आलं की पुढचं विश्लेषण घसरलंच. 'निवेदकाला भावाचा राग आहे' असं लिहा.

तपासा: कथेतल्या दोन ओळी दुसऱ्या पात्राच्या बाजूने लिहून बघा. 'मी हात पुढे केला होता' हे वाक्य आईच्या नजरेतून लिहिलं की 'धाकट्याने हात पुढे केला होता' एवढंच उरतं. त्यातला दुखावलेपणा जातो. जे हरवलं, ते निवेदकामुळे आलेलं होतं.

## टप्पा ३: घटना दोन रांगांत मांडा

कोऱ्या कागदाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे घटना ज्या क्रमाने *सांगितल्या* तो क्रम, उजवीकडे ज्या क्रमाने *घडल्या* तो. आठ-दहा पानांच्या कथेत साधारण सहा ते बारा घटना निघाव्यात. वीस निघाल्या तर तुम्ही हालचालींनाही घटना मानताय.

घटना ओळखायची चाचणी सोपी आहे: ती काढून टाकली तर पुढचं काही कोसळतं का? संमतिपत्रावरची सही काढा, शेवटच्या वाक्याचं वजनच जातं. ती घटना. हॉर्न काढला तरी आई उठेल, पण आपणहून उठेल. हॉर्न असल्यामुळे ती उठवली जाते. म्हणून हॉर्न छोटी का होईना, घटनाच. टेम्पोचं खाली उभं असणं ही परिस्थिती आहे, तिला रांगेत जागा नाही.

आता दोन रांगांतला फरक बघा. उजवीकडे सही सगळ्यात वर येते, डावीकडे ती मध्यावर आहे. जिथे जिथे क्रम बदललाय तिथे बाण काढा आणि एकच प्रश्न विचारा: ही गोष्ट इथेच का सांगितली? सही सुरुवातीलाच सांगितली असती तर ती नुसती माहिती झाली असती. 'त्याला घराचं काही नाही' याच्या लगेच नंतर आल्यामुळे ती पुरावा म्हणून येते, आणि शेवटच्या वाक्यात त्याच पुराव्याला धक्का बसतो.

हे केल्यावर कथानकाचा चढउतार लिहा: सुरुवातीची स्थिती, ती बिघडवणारी गोष्ट, वाढता ताण, उत्कर्षबिंदू, उलगडा. पाचही भाग प्रत्येक कथेत असलेच पाहिजेत असा हट्ट धरू नका. 'चौदा नंबर'मध्ये शेवटचं वाक्यच उत्कर्षबिंदू आहे, उलगडा दिलेलाच नाही. अशा वेळी 'कथा अपूर्ण आहे' असं न लिहिता 'कथा उत्कर्षबिंदूवर थांबते' असं लिहा, आणि त्यामुळे वाचकावर काय काम पडतं तेही सांगा: दादा खोटं का बोलला हे आता आपल्याला ठरवायचं आहे.

सावधान: कथेचा सारांश म्हणजे कथानक नव्हे. 'आणि मग, आणि मग' असं लिहिलं जात असेल तर तो सारांश. 'म्हणून', 'तरीही', 'त्यामुळे' असे शब्द यायला लागले की समजा, तुम्ही कथानकाला हात घातलात.

## टप्पा ४: पात्रांची माहिती कुठून आली ते लिहा

प्रत्येक मुख्य पात्रासाठी चार रकाने करा: काय केलं, काय बोललं, इतर काय म्हणतात, निवेदक काय म्हणतो. विश्वासार्हतेचा क्रमही साधारण हाच. कृती आणि मत यांचं जुळलं नाही तर आधी कृतीकडे बघा.

दादाचे रकाने भरले की असं दिसतं: केलं — सही केली, फोनवर बोलला, किल्ली घेतली, दिली नाही. बोलला — दोन शब्द, तेही खोटे. निवेदक म्हणतो — घराचं काही नाही. पहिला आणि चौथा रकाना एकमेकांशी भांडतात. पात्र जिवंत होतं ते अशाच भांडणातून.

आईच्या बाबतीत दुसराच पेच आहे. तिने किल्ली दादालाच का दिली? खोली त्याच्या नावावर असेल म्हणून, किंवा सही केलीस तर आता किल्लीही तूच दे म्हणून, किंवा तिला त्याच्यात धाकट्याला न दिसलेलं काही दिसत होतं म्हणून. कथा निर्णय देत नाही. तुम्हीही देऊ नका. शक्यता लिहा आणि प्रत्येकीपुढे तिला आधार देणारं वाक्य नोंदवा. ज्या शक्यतेला एकही वाक्य सापडत नाही ती खोडा.

सपाट (एकाच गुणावर उभी असलेली) आणि गोलाकार (अनेक पदर असलेली) पात्रं ही विभागणी इंग्रजी कादंबरीकार इ. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये मांडली, आणि ती उपयोगाची आहे. पण 'सपाट' म्हणजे 'वाईट लिहिलेलं' असा तिचा अर्थ करू नका. बिल्डरचा माणूस सपाटच असायला हवा. त्याला बायकामुलं आणि अडचणी दिल्या तर शेवटचा क्षण फुटेल.

## टप्पा ५: संघर्ष 'आज, या प्रसंगात' शोधा

मोठे शब्द इथे घात करतात. 'माणूस विरुद्ध व्यवस्था', 'परंपरा विरुद्ध आधुनिकता' अशी लेबलं कोणत्याही कथेला चिकटतात, आणि जे सगळ्यांना चिकटतं ते काहीच सांगत नाही. त्याऐवजी प्रत्येक पात्रापुढे एक वाक्य लिहा: याला आत्ता, या प्रसंगात काय हवंय आणि आड काय येतंय?

बिल्डरच्या माणसाला किल्ली हवी आहे. आईला घर स्वच्छ करून सोडायचं आहे, पण टेम्पो थांबत नाही. 'मी'ला किल्ली आपल्या हातात यायला हवी होती, म्हणजे घराची खरी काळजी आपल्यालाच आहे हे आईने मान्य करायला हवं होतं. दादाला काय हवंय ते शेवटच्या वाक्यापर्यंत कळतच नाही, आणि सगळा ताण तिथेच साठलेला आहे. बिल्डर विरुद्ध रहिवासी हा वरवर दिसणारा झगडा. कथा चालते ती दोन भावांमधल्या न बोललेल्या झगड्यावर.

## टप्पा ६: स्थळ आणि काळ, पुराव्यासकट

वातावरण म्हणजे निसर्गवर्णन, या समजुतीमुळे शहरातल्या कथेत 'वातावरण फारसे नाही' असं लिहिलं जातं. 'चौदा नंबर'मध्ये एकही वर्णनाचं वाक्य नाही, तरी मोरी, तांब्या, गॅलरीतली दोरी, मजला आणि खोलीचा नंबर यांतून चाळ उभी राहते. शिवाय जागा इथे काम करते. गॅलरी सगळ्या मजल्याची असते. तिथे फोनवर बोलणारा माणूस घरात नसतो आणि घराबाहेरही नसतो. दादाला नेमकं तिथे उभं केलंय.

काळ ओळखायला मुंबईच्या कथांमध्ये भरपूर खुणा सापडतात. रस्त्यावर ट्राम धावत असेल तर काळ १९६४ किंवा त्याआधीचा, कारण त्या वर्षी मुंबईतली ट्राम बंद झाली. व्यवहार रोजच आणे-पैत होत असतील तर बहुधा १९५७ च्या दशमान नाण्यांपूर्वीचा. गिरणगावातलं पात्र नुसतं 'संपानंतर' म्हणालं तर तो १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप असण्याची शक्यता मोठी. वांद्रे-वरळी सागरी सेतूवरून गाडी जात असेल तर २००९ किंवा त्यानंतरचा काळ.

सावधान: स्थानकांच्या नावांवरून काळ ठरवताना जपा. व्हीटीचं नाव १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, २०१७ मध्ये त्यात 'महाराज' आलं. एल्फिन्स्टन रोड २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. पण माणसं बोलताना जुनं नाव सोडत नाहीत. नाव निवेदनात असेल तर तो काळाचा पुरावा धरता येईल, पात्राच्या तोंडी असेल तर तो पात्राच्या वयाचा आणि सवयीचा पुरावा.

## टप्पा ७: संवाद आणि भाषा

संवादात काय म्हटलं यापेक्षा प्रश्नाला उत्तर मिळालं की नाही ते बघा. 'पाडणारेत हे सगळं' यात धाकट्याचा खरा प्रश्न आहे, मग घासतेस कशाला? आई 'माहितेय' म्हणते आणि आणखी एक तांब्या ओतते. उत्तर तांब्यात आहे.

भाषेसाठी निवेदनातला एक परिच्छेद आणि संवादाच्या चार ओळी मोठ्याने वाचा. वाक्यांची लांबी, बोलीतले शब्द, वाक्यं क्रियापदाशिवाय कुठे तुटतात, एवढं नोंदवा. 'भाषा ओघवती व प्रवाही आहे' हे वाक्य लिहू नका. ते कोणत्याही कथेबद्दल लिहिता येतं.

## टप्पा ८: वस्तू तपासा, पण दोनच

प्रतीकं शोधायचा मोह आवरा. वस्तू प्रतीक ठरण्यासाठी तीन अटी लावा: ती आधी साधी वस्तू म्हणून कथेत काम करते, ती पुन्हा येते किंवा कलाटणीच्या जागी येते, आणि तिच्याऐवजी दुसरी वस्तू ठेवली तर अर्थ बिघडतो. किल्ली तिन्ही अटी पार करते. फडकं पुन्हा येत नाही, पण उद्या पडणाऱ्या गॅलरीत ते वाळत घातलं जातं, म्हणून त्याला उमेदवार म्हणून ठेवा. टेम्पो, वही, फोन सोडून द्या. एका छोट्या कथेत दोनपेक्षा जास्त प्रतीकं सापडली तर बहुधा ती तुम्ही आणलेली असतात.

## टप्पा ९: आता आशयसूत्र

'घर', 'पुनर्विकास', 'भाऊ' हे विषय झाले, एका शब्दात मावणारे. आशयसूत्र म्हणजे त्या विषयाबद्दल कथा काय दाखवते ते सांगणारं पूर्ण वाक्य. त्यात 'पाहिजे', 'नये', 'शिकवते' असे शब्द आले तर ते तात्पर्य झालं, ते खोडून पुन्हा लिहा.

आधीच्या टप्प्यांतल्या नोंदी समोर ठेवून दोन-तीन वाक्यं लिहा आणि प्रत्येक वाक्य कथेतल्या किमान तीन घटनांवर लावून बघा. 'पुनर्विकासामुळे माणसं दुरावतात' हे वाक्य सहीपाशी टिकतं, शेवटच्या वाक्यापाशी पडतं, कारण तिथे दादा घराच्या जवळ येतो. 'आईचं घरावर प्रेम असतं' हे मोरीपाशी टिकतं, किल्लीपाशी अपुरं पडतं. 'घराशी असलेली ओढ प्रत्येकाची निराळ्या रीतीने बाहेर येते आणि शेजारी वाढलेल्या भावालाही ती ओळखता येत नाही' हे मोरी, सही, किल्ली या तिन्ही जागी उभं राहतं, आणि निवेदकाच्या त्या नागमोडी रेघेचाही हिशेब देतं.

तपासा: टप्पा १ मध्ये 'काय कळलं नाही' म्हणून लिहिलेली ओळ काढा. तुमचं आशयसूत्र तिच्याबद्दल काही बोलतंय का? बोलत नसेल तर टप्पा २ कडे परत जा. चूक बहुतेक वेळा तिथेच असते, निवेदकाचं मत कथेचं मत समजल्यामुळे झालेली.

## उत्तर किंवा टिपण लिहिताना

लिहिताना क्रम उलटवता येतो. आशयसूत्र पहिल्या परिच्छेदात आणा, मग त्याला आधार देणारे दोन किंवा तीन घटक. सगळे आठ घटक एकेका परिच्छेदात बसवण्याचा आटापिटा करू नका. ज्या घटकावर ही कथा उभी आहे त्याला अर्धी जागा द्या. 'चौदा नंबर'वर लिहायचं तर ती जागा निवेदकाची. प्रत्येक विधानामागे कथेतला शब्द किंवा कृती हवी, अवतरण चार-पाच शब्दांपेक्षा लांब नको.

एखाद्या कथेत एखादा घटक खरोखरच क्षीण असतो: घटना जवळजवळ नसतात, किंवा पात्र एकच असतं. तिथे नसलेलं ओढूनताणून दाखवू नका. तो घटक मागे सारल्यामुळे दुसरा कोणता पुढे आला ते शोधा. घटना नसलेल्या कथेत तो बहुधा काळ असतो किंवा निवेदकाचा आवाज. टप्पा २ आणि ६ तिथे पुन्हा करा, बाकीचे वरवर केले तरी भागतं.